म्हादईच्या पाठोपाठ दिवाडीला

माझ्या माहेरच्या ओढ्याचं पाणी कुठं जातं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानाच्या कडेला आमचं गाव. परसातनं खाली उतरलं की ओढा. तो पुढं म्हादईला मिळतो आणि म्हादई गोव्यात जाते. आई ओढ्यावर धुणं धुताना म्हणायची, "साबण हातातनं सुटला तर आता गोव्यातच गावायचा." एकदा खरंच सुटला. मी आणि भाऊ काठाकाठानं वळणापर्यंत पळालो, पण साबण कुठच्या कुठं गेला होता.

मग लग्न झालं, बेळगावात शहापूरला आले, आणि गेली चौदा वर्षं डबे करते. रोजचे चाळीस डबे. पहाटे साडेचारला कणीक भिजवायची, आठला पहिली खेप, साडेबाराला दुसरी. गोव्याला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा गाडीत बसून, देवळं आणि बीच करून रात्री परत. आमच्या ओढ्याचं पाणी जिथं समुद्राला टेकतं ती जागा काही बघितली नव्हती.

भाचीमुळं बघितली. नणंदेची मुलगी, बावीस वर्षांची, सायकलवर राजहंसगड चढून घरी येऊन अंघोळ करून कॉलेजला जाणारी. पावसाळ्यात एक दिवस स्वयंपाकघरात बसून मोबाईलवर नकाशा दाखवत म्हणाली, "मामी, हे बघ. म्हादईच्या मधोमध बेट आहे. दिवाडी. बेटावर जायला पूल नाही, फेरीबोटच." मी पोळी तव्यावर टाकून नकाशाकडं बघितलं. निळ्या पाण्याच्या दोन फाट्यांमध्ये एक हिरवं पान. म्हटलं, हे आमचं पाणी. ती म्हणाली, "मग चल की, सायकलनं."

शाळेला असताना मी जांबोटीला रोज सायकलनं जायची. पण त्याला आता तीस वर्षं झाली. तरी होय म्हटलं. सप्टेंबरपासून रविवारी सकाळी येळ्ळूरच्या रस्त्याला जायला लागले, भाचीच्या मैत्रिणीची गिअरची सायकल घेऊन. पहिल्या रविवारी मांड्या इतक्या भरल्या की जिना उतरता येईना. नोव्हेंबरात राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत न थांबता गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "वैनी, सायकलनं गोव्याला? होय काय वो?" होय म्हटलं. डबे तीन दिवस जाऊबाईनं सांभाळले. ती नसती तर हे काहीच झालं नसतं.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. किणये येईपर्यंत धुकं इतकं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसायचा. कुसमळीला मलप्रभा ओलांडली. जांबोटीत चहा आणि उप्पीट घेतलं, आणि माझी शाळा रस्त्यावरनंच बघून पुढं निघालो.

कणकुंबीला मात्र थांबले. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते. इथं उगवलेलं पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमला कृष्णेत मिसळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. आणि इथनं थोड्याच अंतरावर डोंगराच्या दुसऱ्या उतारावर पडलेला पाऊस म्हादईतनं अरबी समुद्राला जातो. एकाच ढगातलं पाणी, पण एक थेंब इकडं पडला तर एका समुद्रात आणि चार पावलं तिकडं पडला तर दुसऱ्या. लहानपणी मास्तरांनी हे फळ्यावर शिकवलं होतं, पण कळलं ते त्या दिवशी सायकल धरून उभी राहिल्यावर. पेपरात म्हादई येते ती नेहमी कर्नाटक-गोव्याचं भांडण म्हणूनच. लवाद नेमला, 2018 मध्ये त्याचा निवाडा आला, अजून कोर्टकचेऱ्या आहेतच. माझं माहेर त्या पाण्याच्या काठावर आहे, म्हणून मला ते वाचताना दरवेळी वाटतं की या बातम्यांत नदी कशी दिसते, तिचा वास कसा येतो, हे कुणीतरी एकदा लिहावं.

कणकुंबी जवळजवळ आठशे मीटर उंचीवर आहे. तिथनं चोर्ल्याचा घाट उतरून खाली केरीला जायचं. चढाची मला भीती होती, पण खरी परीक्षा उतारानं घेतली. भाची मागनं ओरडून सांगायची, "मामी, ब्रेक धरून ठेवू नको. थोडा दाब, सोड, परत दाब." मी भीतीनं धरूनच ठेवायची. एका ठिकाणी थांबून चाकाच्या कडेला बोट लावलं तर चटका बसला. दहा मिनिटं झाडाखाली बसलो, चाकं गार होऊ दिली. पुढं एका वळणावर बारीक खडी सांडली होती, तिथं मागचं चाक सरकलं आणि मी डाव्या अंगावर पडले. गुडघा सोलला, सलवार फाटली, हाताची कातडी गेली. हाड शाबूत होतं.

खालनं वर चढणारा एक टेम्पो थांबला. बेळगावची भाजी रोज या घाटानं गोव्याला जाते, त्यातलाच एक, भाजी उतरवून रिकामा परत चाललेला. ड्रायव्हरनं कॅनमधलं पाणी माझ्या गुडघ्यावर ओतलं, स्वतःचा धुतलेला रुमाल बांधला आणि म्हणाला, "बसा की मागं. सायकली टाकतो. शहापुरात तुमच्या दारात सोडतो." त्या क्षणी मला घरी जावंसं वाटलं, हे खरं सांगते. भाची काही बोलली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी त्या भावाला म्हटलं, आता निम्मा घाट उतरलाय, पाणी खाली गेलंय, मीपण जाते. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यानं सीटमागनं दोन गाजरं काढून दिली. ती गाजरं आम्ही अंजुणे धरण दिसतं त्या वळणावर बसून खाल्ली. इतकी गोड गाजरं मी घरी कधी खाल्ली नाहीत, आणि माझ्या घरी गाजरं रोज असतात.

केरी, साखळी, डिचोली. खाली हवाच बदलते. बेळगावची थंडी घाटातच राहते आणि स्वेटर काढून पिशवीत कोंबावा लागतो. माडांच्या सावलीतनं दुपारी नार्व्याला पोचलो.

नार्व्याला सप्तकोटीश्वर आहे. हा देव मूळचा नदीपलीकडचा, दिवाडीवरचा. गोव्याच्या कदंबांचं हे दैवत. आमच्या खानापूर तालुक्यातली हलशी हीसुद्धा त्याच कदंबांची राजधानी होती. शाळेची सहल हलशीला जायची, भूवराह नरसिंहाच्या देवळात आम्ही डबे उघडून बसायचो. ते राजे आपल्या लेखांत स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादानं राज्य मिळालेले म्हणवायचे. म्हणजे राजे आमच्याकडच्या हलशीत, नदी आमच्याकडची, आणि देव बेटावर. पोर्तुगीजांनी 1560 मध्ये बेटावरचं देऊळ पाडलं. लिंग भक्तांनी नदी ओलांडून अलीकडं आणलं. शिवाजी महाराजांनी इथं देऊळ बांधायची आज्ञा 13 नोव्हेंबर 1668 ला दिली, तो लेख दारावर आहे. मी तो अक्षर अक्षर लावून वाचला. गोवा सरकारनं देवळाची दुरुस्ती करून 2023 साली ते पुन्हा खुलं केलं. समोर दीपमाळ, आत गारवा. गुडघा दुखत होता म्हणून खांबाला टेकून बसले, तर पुजाऱ्यांनी काही न विचारता हळद आणून दिली.

तिथनं धक्का जवळच. फेरीबोट म्हणजे लोखंडाचा सपाट तराफा, पुढं साखळदंडाला बांधलेली फळी. ती फळी काठाला खरडत टेकली की माणसं, स्कूटर, मासळीची टोपली, शाळेची मुलं, सगळी एकदम उतरतात आणि आपण चढायचं. पलीकडं जायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण वाट बघायला लागते, आणि ती वाट बघणं मला फार आवडलं. डब्याच्या धंद्यात एक मिनिट उशीर झाला तर फोन येतो. इथं बोट पलीकडं आहे, येईल तेव्हा येईल, कुणी घड्याळ बघत नाही. एक बाई कोथिंबीर निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून निम्मी जुडी निवडून दिली.

धक्क्याच्या उताराला पाणी लागत होतं. चपला काढून पाय बुडवले. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. खारट. समुद्राची भरती इथवर आणि याच्याही वर आत येते. आमच्या ओढ्याचं पाणी आम्ही तसंच ओंजळीनं प्यायचो. तेच पाणी इथं येऊन खारं झालंय, मला वाटलं की सासरी गेल्यावर बदलतं ते असं. भाची म्हणाली, "मामी, रडतेस काय?" रडत होते थोडी.

दिवाडीवर उतरल्यावर रस्ता सरळ पाण्यातनं चालल्यासारखा जातो. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्या मागं खाजन. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. पावसाळ्यात तिथं कोरगुट नावाचा तांदूळ पिकतो, खारेपणा सोसणारा. आम्ही गेलो तेव्हा कापणी झाली होती, खुंटांमध्ये पाणी साठलेलं आणि बगळे उभे. ही सगळी जमीन माणसांनी चिखल, जांभा आणि पेंढ्याच्या बांधांनी शेकडो वर्षं धरून ठेवलीय. एक वर्ष बांधाकडं लक्ष दिलं नाही तर नदी आत येते.

राहायला एका आजींच्या घराची मागची खोली मिळाली. सगळे त्यांना आंटी म्हणतात. मुलगा तारवटी, बोटीवर कामाला, नाताळला येणार म्हणून दारात कागदाचा तारा आधीच लावलेला. घरापुढं बाल्कांव, दोन बाजूंना बसायला सिमेंटचे बाक. मी बेळगावचा कुंदा दिला तर लगेच डबा उघडून एक बोट चाटलं आणि म्हणाल्या, "देव बरें करूं." त्यांची कोंकणी आणि माझं बेळगावी मराठी, आम्हाला दुभाष्या लागलाच नाही. त्यांचा 'गो' आणि आमचा 'गं' एकच.

सकाळी सहाला पों पों आवाजानं जाग आली. पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागं टोपलं, टोपल्यावर निळं प्लॅस्टिक, खाली गरम पोयी आणि उंडे. पोयी म्हणजे कोंड्याची पोकळ भाकरीच, फोडली की आतनं वाफ निघते. मी सवयीनं स्वयंपाकघरात गेले, तर आंटींनी हाताला धरून बाहेर आणून बसवलं. "बस गो तूं." परत उठले, परत बसवलं. चौदा वर्षांत मला सकाळी कुणी बसवलं नव्हतं. काय करायचं तेच कळेना. हात मोकळे असले की मला अपराध्यासारखं वाटतं. बाल्कांवात बसून पोयीचा तुकडा चहात बुडवत रस्ता बघितला. एक कोंबडा गेला. एक मुलगा बॅट घेऊन गेला. मग बराच वेळ कुणीच गेलं नाही.

साडेदहाला पेज. उकड्या तांदळाची, मातीच्या मडक्यात शिजवलेली. तांदूळ जाडा, तांबूस रेषा असलेला, शिजूनही दाणा दाणा वेगळा, आणि वरचं पाणी दुधाळ. बाजूला खारात मुरवलेली तोर, म्हणजे अख्खी कैरी, आंबट आणि मिठानं सुरकुतलेली. आणि सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं किसमूर, ओलं खोबरं आणि मिरची चोळून. पहिला घोट घेतला आणि मी थांबले. ही माझ्या आईची पेज होती. आमच्याकडं कैरीच्या जागी लिंबाचं लोणचं असायचं आणि सुंगटाच्या जागी भाजलेला पापड, पण पेज तीच. नदीच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला एकच जेवण. मी तीन वाट्या प्याले. मी रोज दोन भाज्या, आमटी, भात, पोळी, कोशिंबीर असा डबा भरते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दुसऱ्यानं केलेली, समोर आणून ठेवलेली पेज ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात मीठ बरोबर आहे का हे मला बघावं लागलं नाही.

दुपारी पिएदादच्या टेकडीवर गेलो. चर्चच्या स्मशानात एक छोटं चॅपेल आहे, त्याच्या छताला कदंबांच्या काळातलं दगडी नक्षीकाम आहे. मान वर करून बघत राहिले. हलशीच्या दगडांना हात लावून मोठी झालेय, म्हणून परकं वाटलं नाही. टेकडीवरनं नदीपलीकडं जुने गोवे दिसतं, से कॅथेड्रलचा एकच मनोरा. दुसरा 1776 मध्ये कोसळला.

आंटींनी बोंदेरांची गोष्ट सांगितली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथं झेंड्यांचा सण असतो. पूर्वी वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरनं मारामाऱ्या व्हायच्या. पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे लावून दिले, लोकांनी ते झेंडे दगड मारून पाडले, आणि त्याचाच पुढं सण झाला. आता मिरवणूक निघते, चित्ररथ असतात, पोरं बांबूच्या नळीतनं बिया उडवतात. मी सीमाभागातली. हद्द या शब्दावर आमच्या तीन पिढ्या गेल्या, घराघरात त्याचं दुखणं आहे. हद्दीच्या भांडणाला नवे कपडे घालून दरवर्षी नाचवणारी माणसं मी पहिल्यांदा ऐकली. बराच वेळ काही बोलता आलं नाही.

पण मला सगळ्यांत आवडलं ते मानस. बांधात दगडी दार असतं, त्याला लाकडी झडपा. त्याला मानस म्हणतात. भरती आली की नदीचं पाणी झडपांना बाहेरनं दाबतं आणि त्या आपोआप मिटतात, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी झडपा ढकलून उघडतं आणि जादाचं बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी आम्ही तिथं बसलो. आधी झडपेच्या फटीतनं एक धार आली, बोटाएवढी. मग लाकूड करकरलं, धार हाताएवढी झाली, आणि मग दोन्ही झडपा हळूहळू बाजूला झाल्या आणि पाणी फेसाळत सुटलं. तोंडाशी जाळं लावून एक आजोबा उभे होते. अर्ध्या तासानं जाळं उचललं तर तळाला सुंगटं उड्या मारत होती, काचेसारखी, आरपार दिसणारी. त्यांनी मूठभर पानावर ठेवून माझ्याकडं दिली. पैसे घेतले नाहीत. रात्री आंटींनी ती खोबऱ्यात आणि सोलांत केली. कांदा तेवढा मला चिरू दिला.

त्या रात्री बाल्कांवात अंधारात बसलो होतो. लांबनं धडधड आली, पुलावरनं आगगाडी गेली. कोकण रेल्वे या बेटावरनं जाते, पण इथं स्टेशन नाही. उजेडाच्या खिडक्या एका ओळीत गेल्या आणि परत बेडकांचा आवाज.

रविवारी दुसऱ्या फेरीनं जुन्या गोव्याला उतरलो. घाट चढायची माझी ताकद नव्हती, गुडघा सुजला होता. सायकली टपावर चढवून एसटीनं आलो. कंडक्टरनं दोन सायकलींचं तिकीट फाडताना माझ्या फाटक्या सलवारीकडं बघितलं आणि पुढची खिडकीची जागा दिली.

सोमवारी साडेचारला कणीक भिजवली. पहिली खेप गेल्यावर भावाला फोन लावला. विचारलं, ओढ्याला पाणी आहे काय?

"आहे की, घोट्याभर. का गं?"

म्हटलं, शनिवारी मी त्याच पाण्याच्या काठी बसले होते, खाली, पार दिवाडीला. सायकलनं गेले होते.

तिकडं तो गप्प झाला. मागं गोठ्यातली घंटा ऐकू येत होती. मग म्हणाला,

"आईचा साबण गावला काय?"